तिकटीवरचे कोहळे

थांबा, हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर दिवसभर दुसरं काही सुधरणार नाही. मगाशी आमच्या रोपवाटिकेत एक मुलगी आलती. म्हणाली, "ताई, केशरी भोपळा मिळेल का, भुताचं तोंड कोरायला? हॅलोविनची पार्टी ठेवलीय. मोठ्यांचीच, कॉकटेल वगैरे." मी म्हणलं, मिळेल की. आणि तोंडातनं लगेच निघून गेलं, "रस्त्यावर ठेवणार नाहीस ना?" ती बघतच राहिली माझ्याकडं.

तिला सांगायला वेळ नव्हता, म्हणून तुम्हाला सांगते. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

मी पोलीस उपनिरीक्षक होते. रिटायर्ड म्हणलं की लोक हसतात, कारण केस अजून काळेच आहेत. राजीनामा देऊन बाहेर पडले, एवढंच. खाकी उतरवली तशा बऱ्याच केसेसही डोक्यातनं उतरल्या, पण ही एक काही उतरत नाही. नावं कुणाचीच घेणार नाही.

कोल्हापूरच्या कडेला, कागलकडं जाताना आत वळलं की एक वस्ती लागते. जुनी शेतकऱ्यांची घरं आणि मधेमधे नवे बंगले. नुकतीच अमावास्या होऊन गेलती. दुपारचं जेवण अर्धं झालेलं आणि ठाणे अंमलदारानं फोन घेतला. समोरचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला माझ्या टेबलावर ऐकू येत होतं.

"सायेब, तिकटीवर, तीन रस्तं मिळत्यात तिथं, कोहळा ठेवलाय. तोंड कापलंय त्याचं. रक्त गळतंय. लिंबं कापून टाकल्यात. करणी हाय ही."

"कुणी ठेवलाय?"

"कुणी म्हंजे? कोपऱ्यावरची ती शिलाईवाली. दुसरं कोण हाय? आज तिला भाईर काढतोय आम्ही. तुमाला आपलं सांगून ठेवलं."

अंमलदारानं डायरीत नोंद घेतली, मी डबा तसाच ठेवून उठले. कोहळ्याची घाई नव्हती मला. "भाईर काढतोय" ह्या शब्दाची घाई होती.

तिथं पोचलो तर त्या शिलाईवाल्या मावशींच्या फाटकापुढं पन्नासएक माणूस. ह्या मावशी एकट्या राहायच्या, नवरा वारलेला, ब्लाऊज शिवून पोट भरायच्या. शेजारच्याची म्हैस दुधाला आटली तेव्हापासनं गल्लीनं त्यांच्याकडं कापड टाकणं बंद केलतं. आता तो म्हैसवालाच सगळ्यात पुढं होता. मागनं कुणीतरी ओरडलं, "हडळ हाय ती, हडळ." मावशींनी आतनं कडी लावलेली. खिडकीच्या फटीतनं नुसती बोटं दिसत होती.

दोन अंमलदार फाटकावर उभे केले आणि मी हवालदार काकांना घेऊन तिकटीवर गेले. काका कोहळ्यापासनं चार हात लांबच थांबले.

"मॅडम, हात नका लावू. फोटो काढू, पंचनामा करू, झालं."

मी खाली बसले. कोहळ्याला दोन डोळे, दात विचकलेलं तोंड, आत मेणाची पणती. ओठांवरनं लाल ओघळ. लिंबाच्या गोल चकत्या, अगदी एकसारख्या. मी लहानपणापासनं रस्त्यात उतारे बघितलेत. कुंकू लावलेलं अर्धं लिंबू असतं, अशा नाजूक चकत्या कोण करत बसतंय? आणि मग डोळ्याच्या भोकात ती दिसली. कागदाची इवलीशी छत्री, काडीवर उघडलेली, गुलाबी. हॉटेलात महागड्या ग्लासात खोचतात ना, ती.

"काका, करणीत छत्री असती का?"

"न्हाय बा ऐकलं कधी."

पुढच्या वळणावर अजून एक कोहळा, त्याच्या पुढं अजून एक. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. म्हणजे हे वाट दाखवत होते. आम्ही कोहळे बघत बघत चालत गेलो आणि एका नव्या बंगल्याच्या फाटकावर पोचलो.

दार उघडलं ते पुण्यात कंपनीत असलेल्या आणि आता घरनंच काम करणाऱ्या एका तरुणानं. अंगात ॲप्रन, हातात पेय घुसळायचा स्टीलचा डबा. मागं हॉलमधे काळे पडदे, कापसाची जाळी. आरशापुढं त्याचा मित्र अर्धं तोंड पांढरं रंगवून बसलेला. भिंतीवर फळा, त्यावर रात्रीच्या ड्रिंक्सची नावं. वेताळ. मसणवटा. हडळ : व्होडका, कोकम, लिंबाची चकती.

हडळ. दहा मिनिटांपूर्वी हाच शब्द मी फाटकावर ऐकून आलेले.

"बाहेर कोहळे कुणी ठेवले?"

"कसले कोहळे मॅडम?"

"तुझ्या फाटकापर्यंत आणून सोडतात, ते."

"मला काय म्हायती न्हाय. आणि आमच्याकडं फक्त सरबत हाय, तुम्ही बघा पायजे तर."

मी सरबताचं विचारलंच नव्हतं. संशयितांचं असंच असतं, आपण विचारतो एक आणि ते उत्तर देतात मनातल्या भीतीला. त्याला वाटलेलं आम्ही दारूसाठी आलोय. एका रात्रीचा परवाना काढायचा राहिलेला. कोहळे कबूल केले की पार्टी कबूल, पार्टी कबूल केली की बाटल्या. म्हणून गडी कोहळ्यापासनंच नाही म्हणत बसला. मी तीनदा फिरवून विचारलं, तिन्ही वेळा नाही. माझं सगळं लक्ष फोनकडं, फाटकावर काय चाललं असेल ह्याच्याकडं.

तेवढ्यात त्याची आई स्वयंपाकघरातनं ताटली घेऊन आली.

"पोलीस असल्या म्हणून काय झालं, पावण्याच की. घ्या वडी."

"कशाच्या हो काकू?"

"कोहळ्याच्या. ह्यानं सकाळी ढीगभर कोहळं आणलं आणि पोटं काढून मला दिली. म्हणलं टाकायचं कशाला, वड्या थापल्या. गोड जास्त झाल्यात का?"

हवालदार काकांनी वडी तोंडात टाकली, शांतपणे चावली आणि पोराकडं बघितलं. "न्हाय, बेस झाल्यात," म्हणाले.

पोरगं खुर्चीत बसलं. "मॅडम, हॅलोविनच्या पाहुण्यांना वाट कळावी म्हणून ठेवले. केशरी भोपळा मिळाला नाही. ओठाला कोकमाचं सिरप लावलंय फक्त."

आणि फोन वाजला. फाटकावरचा अंमलदार. "मॅडम, पत्र्यावर दगड पडला."

मी त्याला मावशींचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण पाय काही उचलेना.

"मॅडम, माझ्यावर केस करा. पण मला तिथं नेऊ नका. गल्लीत सगळे बाबांना ओळखतात. दारू पाजतोय म्हणतील."

"परवान्याचं उत्पादन शुल्कवाले बघतील. मी तुला जबरदस्तीनं नेणार नाही. त्या मावशी आज रात्री कुठं झोपायच्या, एवढं सांग आणि बस."

ॲप्रन काढायचंही विसरून तो उठला. मित्रही उठला, "मी पण येतो."

"तू कुठं निघालास मढ्या?" काका म्हणाले. "आरशात बघितलंस का?"

येताना एकेक कोहळा त्यानंच उचलला, लिंबाच्या चकत्याही. गर्दीपुढं उभा राहिला, छातीशी कोहळे. "मी ठेवले. रात्री पार्टी होती, पाहुण्यांना वाट कळावी म्हणून."

"वाट दावायला बोर्ड लावत्यात," म्हैसवाला म्हणाला. "कोहळा कोण ठेवतंय? हिनं पैसं दिलं आसतील तुला."

गर्दी पुन्हा हलली. मी पुढं सरकले, पण त्याच्याआधी पोरानं कोहळ्याच्या ओठावरचं लाल बोटानं पुसलं आणि चाटलं. मग चकती उचलून खाल्ली, सालासकट. उताऱ्याला हात लावायला जिथं माणूस भितो, तिथं हा उभा राहून खात होता. मग एक म्हातारं पुढं आलं, त्यानंही बोट लावून चाटलं.

"कोकम हाय की रं," ते म्हणालं, आणि हसलं.

गर्दी पांगायला लागली. म्हैसवाला जाता जाता बोललाच, "कोहळ्याचं झालं. म्हशीचं काय?"

मावशी फिर्याद द्यायला तयार नव्हत्या, त्यांना त्याच गल्लीत राहायचं होतं. मग आम्ही सरकारतर्फे दगड टाकणाऱ्या गर्दीवर गुन्हा दाखल केला, जादूटोणाविरोधी कायद्याखालीही. पोरानं साक्षीदार म्हणून जबाब दिला, पार्टीसकट सगळं सांगितलं. पार्टी अर्थातच झाली नाही. जबाबावर सही करताना एवढंच म्हणाला, "मॅडम, फळ्यावरचं ते नाव पुसलं मी."

पण मी निघताना मावशींनी खिडकीतनं जे विचारलं, ते अजून कानात आहे.

"आज कोहळा ठेवणारा गावला म्हणून बरं. उद्या न्हाय गावला तर?"

नोकरीत मी शिकलेले की आधी वस्तू सापडते, मग माणूस शोधायचा. त्या दिवशी कळलं की गल्लीनं माणूस कधीच शोधून ठेवला होता, वस्तूची फक्त वाट बघत होती. माझ्या पंचनाम्यात कोहळे आले, छत्री आली, दगड आला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्या भोपळेवाल्या मुलीला आता फोन करून सगळं सांगणार आहे. पण आधी तुम्ही सांगा, तुमच्या गल्लीत असं झालंय का? दाराशी काहीतरी दिसलं, आणि कुणी चौकशी करायच्या आधीच कुणाचं तरी नाव घेतलं गेलं? आणि तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?