कांदाचाळीतली आत्या

खोकल्यावरून शोधलेलं प्रकरण माझ्या नोकरीत एकच. मी ते विसरायला केव्हाचा तयार आहे. ते काही मला विसरत नाही.

काष्टीजवळच्या एका वस्तीवरून एकशेबाराला फोन आला. कुणी मोटारसायकलवाला घाबरून सांगत होता, "भायेरून कुलूप हाय सायेब, आन आत चाळीत कांदं खोकत्यात!" कांदे खोकत नाहीत, एवढा तपास मी खुर्चीत बसूनच पुरा केला. अपहरणच! स्टेशन डायरीला नोंद केली, शिपाई घेतले आणि जीप अशी पळवली की रस्त्याकडेचा ऊस आठवडाभर वाकलेलाच होता.

पाहतो तर मुलगी पाहायचा कार्यक्रम. ओट्यावर सतरंजी, पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा. मला बघून पोहे घशातच थांबले. मुलीचा बाप हात जोडत पुढे आला.

"चाळीत कोण आहे?"

"कांदं हायेत, सायेब."

"घरात माणसं किती?"

"चार. आमी दोघं, पोरगा आन ही पोरगी."

माझ्या आवाजाला बाजारातला माजलेला बैल खाली बसायचा. हा गडी मात्र चारावर ठाम. खोटं बोलणारा जिकडं बघायचं टाळतो तिकडं जावं, हा माझा नियम. हा चाळीकडे पाठ करून उभा होता. मी पाऊल उचललं, तोच चहाचा ट्रे खाली ठेवून मुलगीच म्हणाली, "पाच. आत्या ऱ्हायली."

कुलूप उघडलं. कांद्याच्या ढिगाशेजारी पोत्यावर सत्तरीची बाई, अंगावर नवं लुगडं. दोन्ही पाय लहानपणीच लुळे पडलेले. मी धीर देणार, तर तीच खेकसली, "कशाला उघाडलंस रं बाबा? पाव्हनं गेलं का?"

"कुणी कोंडलं तुम्हाला? नाव सांगा, आत्ता आत टाकतो!"

"कुनाला टाकतो? मीच म्हनलं भावाला, लाव कुलूप. पोरीचं जमतंय, त्यात माजं पाय कशाला?"

मागे पाहुणे उठलेच होते. मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "पोलिसांचं काय न्हाई, सायेब. पन ह्ये त्यांच्या रगातातच असंल तर? आमाला नातवंडं बघायचीत."

पाहुण्यांची गाडी गेली. मुलगी रडली नाही, रडली चाळीच्या दाराबाहेर सरकत आलेली आत्या. "चूक माजीच. खोकला दाबाया पायजे हुता."

तोवर शेजारीपाजारी बघायला जमले. त्यांच्या नजरा चुकवत ती हातांवर सरकत पुन्हा चाळीत शिरली. भाऊ कुलूप हातात धरून, ती आत जाईस्तोवर थांबला. मी त्याला दरडावलं, कुलूप काढून घेतलं. तिनं आतून दार ओढून घेतलं.

तक्रार नाही, आरोपी नाही. डायरीत लिहिलं, "खात्री केली, आक्षेपार्ह काही नाही."

मी दगडालाही बोलतं केलंय. पण न केलेल्या गुन्ह्याची इतकी मनापासून कबुली त्या बाईनेच दिली. ती तिला कुणी शिकवली, हे त्या ओट्यावर आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिला निर्दोष सोडील असं कोर्ट आपल्या जिल्ह्यात मला तरी माहीत नाही.