माझ्याच नावाचा पुकारा

आता काय सांगू तुम्हाला, नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते! आणि राग कुणाचा येतो, तेही ऐका.

मी नळदुर्गचा वकील. आमच्याकडं गावोगावी निवडणुका रखडल्या, सरपंचाच्या जागी सरकारी प्रशासक बसले. गल्लीतला दिवा बदलायचा तरी साहेबाची सही! त्याविरुद्ध कोर्टात भांडलो, उपोषणाला बसलो. शेवटी लोकांनीच मला आमदार करून मुंबईला धाडलं.

तिथं विधेयक काय आलं? प्रशासकांची मुदत आणखी वाढवायची! माझं डोकंच सणकलं. मी दुरुस्ती दिली: निवडणूक होईस्तोवर कारभार ग्रामसभेकडं द्या. सत्ताधाऱ्यांतलेसुद्धा काही जण हातापाया पडून वळवले. दुरुस्ती मंजूर होणार होती हो!

चर्चेत मंत्री उठले अन् हसत म्हणाले, "ग्रामसभेला लोक कशाला येतात? चहा प्यायला!"

बास! मी ताडकन उठलो. "आमच्या गावाला हसता? थू तुमच्या कारभारावर!"

शेजारचा आमदार कोट ओढायला लागला. "वकीलसाहेब, बसा! आता तुमचं..."

"माझं तोंड दाबतोस? तूही त्यांचाच!" कोट हिसडला अन् तरातरा सभागृहाबाहेर.

मागं वळून बघतो तर सभात्याग मी एकट्यानंच केलेला! पण समोर कॅमेरे होते. मग काय, पायरीवर उभा राहून गरजायलाच लागलो.

तेवढ्यात दारावरचा शिपाई धावत आला. "साहेब, आत चला! तुमचं नाव पुकारतायत!"

"पुकारू दे! माफी मागणार नाही म्हणावं!"

"माफी नाही हो साहेब, ते..."

"हात लावायचा नाही!"

बिचारा गेला. मी आणखी गरजलो. घसा बसल्यावर आत आलो, तर सगळे माझ्याकडं बघतायत. शेजारचा दातओठ खात म्हणाला, "दुरुस्ती मांडायला पुकारत होते तुला. सदस्य गैरहजर, दुरुस्ती बाद. विधेयक मंजूर झालं."

सांगा आता! पक्षकाराला जन्मभर बजावलं, पुकाऱ्याला हजर राहा. आणि मी? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं!

गावी आलो तर हायवेच्या ढाब्यावर हार घेऊन ही गर्दी! टीव्हीवर माझी गर्जना बघितलेली. म्हातारे आप्पा, माझे सगळ्यात जुने पक्षकार, त्यांनी हार घातला.

"लई भारी बोललाव, वकीलसाहेब! मग कारभार गावाकडं आला का न्हाय?"

"नाही, आप्पा."

"का वो?"

"ज्या आमदारानं ते मांडायचं, तो ऐनवेळी सभागृहातच नव्हता."

आप्पा लालबुंद झाले. "कोन त्यो हरामखोर? आमी हितं अंधारात बसायचं अन् त्यो तिथं उंडारतोय? नाव सांगा फकस्त!"

"आप्पा, ऐका तर..."

"ऐकायचं काय? पाडा त्याला!" पोरं ओरडली, "पाडा! पाडा!" कुणीतरी हलगीही वाजवली.

गळ्यातला हार काढून मी टेबलावर ठेवला. "आप्पा, तो मीच."

हलगी थांबली. आप्पांनी हार उचलला, झटकला अन् काखेत मारून निघून गेले.

आणि पुढच्या निवडणुकीत, पाडलं की हो मला!