ऑलवेजची जागा

माझे वडील, नाना, भडगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं एकाच भांडणात गेली: ऑलवेज कुठे ठेवायचा. आमच्याकडची पोरं 'मी काल धुळ्याला गेलो' ह्याचं 'आय येस्टरडे धुळे वेंट' करून मोकळी होतात. नाना त्यावर रागवत नसत. तीन-चार पोरांना फळ्यासमोर रांगेत उभं करत. एक आय, एक गो, एक टू स्कूल, आणि वर्गातला सगळ्यात चुळबुळ्या असेल तो ऑलवेज. "शोध तुझी जागा," असं त्याला सांगत. तो कधी ह्या टोकाला, कधी त्या टोकाला घुसायचा, ढकलला जायचा, वर्ग हसून लोळायचा. शेवटी तो आय आणि गो यांच्या मध्ये येऊन थांबला की नाना म्हणत, "आता वाक्य उभं राहिलं." ऑलवेज, नेव्हर, युज्वली ही घरची माणसं, ती आत क्रियापदाजवळ राहतात. येस्टरडे आणि टुमॉरो हे पाहुणे, त्यांनी दारापाशी बसायचं. मीही त्याच शाळेत होते. मला ते हटकून नेव्हर करायचे, कारण कशालाही आधी नाही म्हणायची माझी सवय होती. अजून आहे.

उदाहरणं ते पुस्तकातली घेत नसत, घरातली घेत. 'माय वाइफ ऑफन फर्गेट्स सॉल्ट' हे वाक्य तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी घोकलंय. माझ्या आईला, म्हणजे मायला, इंग्रजीचं अक्षर येत नाही. बाजारात जुने विद्यार्थी तिच्याकडे बघून हसायचे, आणि तिला वाटायचं, पोरं फार मायाळू आहेत.

गेल्या थंडीत नानांना पक्षाघात झाला. पाय बऱ्यापैकी परत आला, उजवा हात अर्धा आला, बोलणं मात्र आलं नाही. म्हणजे आलं, पण भलतंच. मराठी गेली, अहिराणी गेली, आणि राहिली ती फळ्यावरची वाक्यं. भाजीवाला दारात आला की नाना त्याला सांगत, 'ही नेव्हर टेल्स अ लाय.' व्याकरण बिनचूक. युज्वली, ऑफन, नेव्हर, सगळे आपापल्या जागी. ज्याच्या डोक्यातून पोटच्या पोरीचं नाव निघून गेलं, त्याच्या डोक्यात ही फुटकळ मंडळी ठाण मांडून बसली होती. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

मी जळगावला नोकरी करते. सुटीच्या दिवशी भडगावला गेले की माझं काम एकच, दुभाष्याचं. नाना काही बोलले की माय पदराला हात पुसत यायची.

"काय म्हणतस त्या?"

तिचं 'त्या' म्हणजे नाना. मी सांगायचे. एकदा जेवताना ते मिठाचं वाक्य म्हणाले. माझं सांगून होईपर्यंत माय मिठाची वाटी घेऊन आलीसुद्धा. नानांनी वाटीकडे पाहिलंही नाही. वरणाला मीठ बरोबर होतं.

"माय, ही पाठ झालेली वाक्यं आहेत," मी म्हणाले. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, त्यात अर्थ शोधत बसू नका म्हणून.

"राहू दे," माय म्हणाली. "इतला दिन पोरेसले शिकाडं, आते माले शिकाडतस."

तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. तिला त्यांच्याकडून एक हाक हवी होती, फळ्यावरची नव्हे, तिच्यासाठीची. ती 'ओ, आयकतस का' म्हणाली की नाना मान वळवून तिच्याकडे बघत. ओळखीचं बघत. पण पुढे शब्द येत नसे, आणि ती तिथेच ताटकळत उभी राहायची.

जळगावला एक स्पीच थेरपिस्ट होती. मुलगी हुशार, कामसू, आमच्या भागातली नव्हती. तिने मायकडे बोट दाखवून विचारलं, "काका, ह्यांचं नाव काय?" नाना गप्प. तिने मान हलवली. बाहेर आल्यावर माय मला म्हणाली, "मनं नाव त्यासनी कधी लिधं?" खरंच होतं. जे माणसाने जन्मात कधी उच्चारलं नाही ते विसरला म्हणून त्याला नापास करायचं, हा कुठला न्याय! पण थेरपिस्टने मायला आणखी एक काम सांगितलं. "काकू, तुम्ही त्यांना रोज नावाने हाक मारा. स्वतःचं नाव कानावर पडलं की आतलं काहीतरी हलतं." माय नुसती हसली. नवऱ्याचं नाव तिने घेतलं होतं ते लग्नाकार्यात, उखाण्यात, तेही चारचौघी मागे लागल्यावर.

उन्हाळा लागला आणि नाना नवीनच वाक्य म्हणायला लागले. 'वुई युज्वली गो टू धुळे इन समर.' त्यातलं धुळे मायला कळलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मायचं माहेर धुळ्याचं, आणि दरवर्षी नानाच तिला पोचवायला जात.

"धुये जावानं म्हणतस त्या!" तिने पिशवी भरायला घेतली. मी नाही म्हणाले. अर्थात म्हणाले. माझं कोणी ऐकलं नाही.

मामाच्या अंगणात झोका बांधलेला होता. कडुनिंबाखाली नानांना खुर्ची दिली. मामीला मी थेरपिस्टचं सगळं सांगितलं होतं, आणि मामी गप्प बसणाऱ्यांतली नाही. माहेरात लाजायचं कोणाला म्हणून ती मायला म्हणाली, "आठे कोण शे सासरनं? ले नाव!" बाकीच्या बाया हसल्या, पण माय हसली नाही. तिने तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला आणि नानांच्या समोर जाऊन उभी राहिली. मग तिने त्यांचं नाव घेतलं. पुढे राव लावून, खणखणीत. ते नाव मी तिच्या तोंडून उखाण्याच्या ओळींआड ऐकलं होतं. असं उघडं कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता होईल काहीतरी.

झालं. नाना काठीला धरून उठले. काठी खुर्चीला टेकवली. उजवा हात पुरता येत नव्हता, तरी डाव्याने ओढून त्यांनी तो जोडला आणि अदबीने म्हणाले, "गुड मॉर्निंग. प्लीज सिट डाउन."

अंगणातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाना बोलले. मी मात्र हे बोलणं शाळेत शंभर वेळा ऐकलं होतं. शाळेत नानांना नावाने हाक मारणारे दोनच, मुख्याध्यापक आणि पालक. बायको त्यांना नावाने हाक मारत नाही, हे त्यांच्या डोक्यात अजून पक्कं होतं. म्हणूनच समोर उभी असलेली ही बाई त्यांची बायको असणं शक्य नव्हतं.

नानांनी माझ्याकडे बोट केलं. "युअर डॉटर इज नेव्हर लेट."

"काय म्हणनात?" मायने विचारलं, पण माझ्याकडे न बघता. जोडलेले हात तिने पाहिले होते.

"बसा म्हणताहेत," मी म्हणाले. "तुमची मुलगी कधी उशिरा येत नाही म्हणताहेत." मला रडू आवरेना. त्या थेरपिस्टचा, मामीचा, इंग्रजीचा, सगळ्यांचा मला राग आला होता आणि त्यातलं कोणीच वाईट नव्हतं.

"बसस मी, सर," माय म्हणाली आणि झोक्याच्या पाटावर बसली. "मी या पोरनी माय शे."

भडगावला परतल्यावर तिने 'ओ, आयकतस का' खूप वेळा म्हणून पाहिलं. आता तिला बघितलं की नाना हात जोडत. ती जवळ जाऊन बसली की संकोचून सरकत. रात्री तिने त्याच खोलीत झोपणं त्यांना पसंत पडेना, म्हणून ती स्वयंपाकघरात अंथरूण घालायला लागली.

एका रविवारी मी भडगावला पोचले तर माय बाहेर जायचं लुगडं नेसून मागच्या दाराने निघत होती. घराला वळसा घालून ती पुढच्या दाराने आत आली. नानांच्या समोरच्या खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "मन्ही पोर कशी शे, सर?"

नानांचा चेहरा उजळला. "शी ऑलवेज सिट्स इन द फर्स्ट रो," ते म्हणाले, आणि मग एकामागून एक कितीतरी वाक्यं. ती मुलगी वेळेवर येते, क्वचित चुकते, कधीच कॉपी करत नाही. त्या मुलीचे केस आता पांढरे व्हायला लागलेत आणि ती दारात चपला काढत उभी होती.

मी मायला स्वयंपाकघरात गाठलं. "हे काय चालवलंयस? तू बायको आहेस त्यांची."

"बायकोसंगे बोलतस नही ना त्या," ती म्हणाली. "पालकसंगे बोलतस."

मी कणीक मळायला घेतली.

गेल्या महिन्यात तिने मला जवळ बोलावलं. "सरले इचार, त्यासनी बायको कशी शे."

मी नाही म्हणाले. ती बघत राहिली. मग मी विचारलं, "हाऊ इज युअर वाइफ, सर?"

नानांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग पुढच्या दाराकडे. ह्यावेळी शब्द पाठ केल्यासारखे येत नव्हते, एकेक वेगळा येत होता.

"माय वाइफ... हॅज गॉन टू धुळे. शी ऑलवेज कम्स बॅक."

"धुये?" मायने विचारलं.

"तू धुळ्याला गेली आहेस म्हणताहेत. नेहमी परत येतेस म्हणताहेत."

पदराने नानांची हनुवटी पुसायला मायचा हात पुढे गेला आणि त्यांनी संकोचून मान मागे घेतली, तसा तो परत आला.

आता धुळ्याच्या एसटीची वेळ झाली की नाना काठी घेऊन ओट्यावर जातात. माय त्यांच्यासाठी पाट मांडते आणि थोडं अंतर ठेवून शेजारी बसते. गाडी स्टँडकडे वळते, माणसं उतरून पिशव्या घेऊन गल्लीतून घरोघरी जातात. नाना प्रत्येक बाईचा चेहरा बघतात. माय त्यांच्याकडे बघते. अंधार पडेपर्यंत दोघं मिळून तिची वाट बघतात.