उलटा बाण

माझी जीभ तिखट आहे, हे बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षातच सांगितलं होतं. माझी सगळी नोकरी विमानतळावर उड्डाणांचे आराखडे करण्यात गेली. तिथे चुकलेल्या माणसाला फाडून खायची सवय लागली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी नोकरी संपवून शहापूरला घरी आलो, तेव्हा ती सवयही सोबत आली.

मुरबाडच्या एका शाळेत दर रविवारी मी वर्ग घ्यायचो. वैमानिकाच्या लेखी परीक्षेला बसणारे पाच जण होते. किती उंचीवरून जायचं, इंधन किती घ्यायचं, वारा विमानाला किती बाजूला ढकलेल, हे सगळं कागदावर. विमान जवळून कुणीच पाहिलेलं नव्हतं. उड्डाणापूर्वीची तपासणी आम्ही चार बाकं जोडून करायचो आणि बाकाखाली वाकून नसलेली चाकं गंभीरपणे बघायचो.

पाचांत एक मुलगी होती, धसईकडची. गणितात ती मलाच दमवायची. तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं होतं.

"मास्तर, आमी तिला एक वरीस दिलंय. पास झाली तर फुडं बगू. नाय झाली तर एमआयडीसीत लावतो, बोलनं झालंय. तुमी सांगाल तसं."

तिचं एकच गणित चुकायचं, वाऱ्याचं. परीक्षेत 'वारा २७०' असं दिलं की वारा पश्चिमेकडून येतोय असं समजायचं आणि कागदावर त्याचा बाण पूर्वेकडे काढायचा. ही बाण नेमका पश्चिमेकडे काढायची. पुढची आकडेमोड बिनचूक, आणि विमान भलतीकडेच. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाईसाहेब, तुमचे प्रवासी आज समुद्रात उतरले. हे असं का काढतेस ते तरी सांग."

ती शांतपणे म्हणाली, "सर, आमच्यात भात वारवतात ना, तवा वारा कुठून आला ते कोन बगत नाय. फोल कुठं पडतंय ते बगतात. फोल घाटाकडं पडलं तर तो घाटाचा वारा."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. "मग तू विमान नको चालवू, सूप चालव," असंही म्हणालो.

खरं तर तिच्या बोलण्यात तिळमात्र चूक नव्हती. खळ्यावर उभ्या असलेल्या बाईला वारा कुठे जातो हेच कळायला हवं. तिला पटांगणात उभं करून, तोंडावर वारा घ्यायला लावून अर्ध्या तासात मला फरक समजावता आला असता. पण माझी एसटी सुटत होती. मी म्हणालो, "मनात बाण जिकडे येईल, त्याच्या उलट काढ. विचार करू नकोस." त्या दिवसापासून तिची सगळी उत्तरं बरोबर यायला लागली आणि मी स्वतःवर खूश झालो.

निकालात ती बाकीच्या विषयांत पास होती, वाऱ्याची गणितं असलेल्या तेवढ्या एका पेपरात नापास. ती वडिलांना घेऊन शहापूरला घरी आली. पेपरात जे केलं ते तिने परतीच्या एसटीत वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं, काट मारलेल्या खुणांसकट. प्रत्येक गणितात आधी पूर्वेकडे बाण होता, अगदी बरोबर. त्यावर काट मारून तिने तो पश्चिमेकडे वळवला होता.

"हे का खोडलंस?"

"तुमीच सांगितलं होतं ना सर, मनात येईल त्याच्या उलट काढायचा."

मी पानं पुन्हा उलटून पाहिली. वर्षभर गणितं करता करता, बहुधा वर्ग संपल्यानंतरच्या शेवटच्या आठवड्यांत, पोरीला वारा आपोआप कळला होता. तिचं मन आता बरोबर सांगत होतं आणि माझं ऐकून ती ते खोडत होती.

"सर, माझं चुकलं कुठं?" तिने विचारलं.

वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. चूक माझी आहे, हिला अजून एक वर्ष द्या, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी दिलं असतं. माझा शब्द ते मानत होते. पण ज्या तोंडाने वर्षभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याच तोंडाने आपली चूक सांगायची मला लाज वाटली. ती लाज आजही मला माफ करता येत नाही.

"घाई केलीस," मी म्हणालो.

वडिलांनी मान डोलावली. "लहानपनापास्नं खोड हाय तिची. जाऊ दे. सोमवारपासनं कंपनीत जाईल."

तिने वही पिशवीत ठेवली. "तुमची मेहनत फुकट घालवली मी, सर," असं म्हणून ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.