पहिल्या पटाचा मान

बडोद्याच्या महिला बुद्धिबळ लीगमध्ये बाकीचे संघ आपली सगळ्यात तयार खेळाडू पहिल्या पटावर बसवायचे. आमच्या कर्णधार काकूंना ही पद्धत उद्धटपणाची वाटायची. त्यांच्या सासऱ्यांचे वडील संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. कोणी कुठे बसायचं, हे त्या घराला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून आमची यादी मानाप्रमाणे लागली. पहिल्या पटावर काकू, दुसऱ्यावर त्यांच्या धाकट्या जाऊबाई, तिसऱ्यावर मी, चौथ्यावर शेजारच्या गुजराती बेन. राखीव म्हणून काकूंची सून. प्यादं तिरकं मारतं, एवढं तिला माहीत होतं. मला तिसरा पट मिळाला तो खेळासाठी नव्हे. "एम.कॉम. झालेली मुलगी आहे, तिला अगदी शेवटी कसं बसवायचं?" असं काकू म्हणाल्या होत्या. पदवीचा इतका थेट उपयोग मला तोवर कुठेच झाला नव्हता.

मी खानदेशातल्या तालुक्याच्या शाळेत शिकले. तिथे बुद्धिबळाचा एकच पट होता आणि त्यातल्या हरवलेल्या उंटाच्या जागी आम्ही खडू उभा करायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नोकरीसाठी इथे आले, मांजलपूरला खोली घेतली, तेव्हा ओळखदेख नसताना काकूंनी मला संघात घेतलं. दर फेरीला स्वतःच्या गाडीतून नेलं, घरचा डबा खाऊ घातला. ते उपकार मी विसरले नाही. विसरायचं म्हटलं असतं, तरी काकूंनी विसरू दिलं नसतं.

अक्षर चांगलं म्हणून संघाचे निकाल वहीत मीच लिहायचे. चार फेऱ्यांनंतर काकूंच्या नावापुढे चार शून्यं होती, इतकी गोल आणि सारखी की रांगोळीत घालावीत. जाऊबाईंचीही चारच, मोठ्या जावेच्या पुढे जायचं नाही, ही रीत त्यांनी पटावरही पाळली. माझ्या नावापुढे चार एक, छडीसारखे सरळ.

पण शहराच्या संघाची निवड व्हायची होती आणि तिचा नियम असा, की पहिल्या दोन पटांवर खेळून निदान अर्धा गुण मिळवलेल्यांचाच विचार होणार. मला त्या संघात जायचं होतं, फार. यादी एकदा दिली की हंगामभर बदलत नाही. वरची खेळाडू गैरहजर राहिली, तरच खालच्या सगळ्या एकेक पट वर सरकतात. आणि काकू गैरहजर राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. तिसऱ्या फेरीला त्या अंगात ताप असताना हरायला आल्या होत्या.

वडिलांनी फोनवर विचारलं, "कितवी आहेस गं?"

"तिसऱ्या पटावर, अण्णा."

"सगळे डाव जिंकून तिसरी? मग पहिली काय करते?"

मी विषय बदलला. काकूंनाही काही बोलले नाही. ज्यांचा डबा खाल्ला, त्यांना कसं बोलायचं? वहीत त्यांचं शून्य जरा ठळक काढता येतं. तेवढं मी करत होते.

शेवटची फेरी हरणी भागातल्या एका शाळेत होती. भिंतीवर सगळ्या संघांच्या निकालाचा तक्ता लावलेला. तो वाचून समोरच्या संघाच्या कर्णधार बाई हसत आमच्या काकूंना म्हणाल्या, "केम बेन, लिस्ट ऊंधी लखी छे के शुं?" यादी उलटी लिहिलीत की काय, असं. काकू माझ्याकडे वळल्या. माझ्याकडून वही मागून घेतली, चष्मा लावला आणि पानावरून बोट फिरवलं.

"शून्यं झकास काढतेस गं," त्या म्हणाल्या.

मी चपलेकडे बघत राहिले. काकू उठून थेट पंचांच्या टेबलाशी गेल्या.

"आमची पहिल्या बोर्डाची खेळाडू आज गैरहजर आहे. लिहून घ्या."

"पण काकू, ती खेळाडू तुम्हीच ना?"

"हो. मी आलेले नाही."

"अहो, माझ्यासमोर उभ्या आहात!"

"मग बसते," म्हणून त्या प्रेक्षकांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चहाचा थर्मास उघडला. "आता लिहा."

पंचांनी लिहिलं. मी दुसऱ्या पटावर सरकले.

समोर कॉलेजातली एक मुलगी होती, चांगलीच तयार. दोन तास झुंज झाली. मग तिने हळूच विचारलं, "ड्रॉ?" म्हणजे बरोबरी. अर्धा गुण. मला हवा होता तेवढाच, ना कमी ना जास्त. पण मला वहीचं पान दिसलं: चार सरळ एक आणि त्यांच्या शेजारी तो बुटका अर्धा. मी मोठ्या रुबाबात मान हलवून नाही म्हटलं. काही चालींतच माझा हत्ती गेला आणि मागोमाग मी हार मानून राजा आडवा केला.

बाहेर व्हरांड्यात काकू डबा सोडत होत्या. "ती ड्रॉ देत होती ना?"

"हो."

"मग?"

"वहीत बरं दिसलं नसतं," मी खरं ते सांगितलं.

काकूंनी माझ्या हातात थेपला ठेवला. "आणि मी समजत होते, मानाचं खूळ फक्त आमच्याच घराण्यात आहे."

शहराचा संघ माझ्याशिवाय गेला. पण त्या दुपारी आधी निकाल लिहायचा होता. मी वही मांडीवर घेतली आणि माझ्या नावापुढे पाचवा आकडा काढला. काकू वाकून बघत होत्या.

"हे मात्र बारीक काढलंस."