उतारावरचा ट्रॅक्टर आणि न उघडणारं पान

ती घटना आठवली की आजही माझे दात आपोआप आवळले जातात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी दरोडेखोर बोलते केले, खुनी माणसाला चहा पाजून कबुलीजबाबापर्यंत आणला, आणि जुन्नरच्या डोंगरात एका बिबट्याकडे नुसतं रोखून बघून त्याला हद्दपार केला. बिबट्या आता हयात नाही, तेव्हा साक्ष काढायला जाऊ नये. पण मला खऱ्या अर्थाने रडकुंडीला आणलं ते वीतभर लांबीच्या एका पांढऱ्या डबीने. तिला मोडेम म्हणतात. आम्ही ठाण्यात तिला दुसरं नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिता येत नाही.

नवं शतक लागून सात-आठ वर्षं झाली होती. मी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लोडशेडिंगचा असा कहर होता की लाईट आली तर लोक घराबाहेर येऊन बघायचे, कोणाकडे लग्न आहे का. ठाण्यात एकच संगणक. त्याला शिवलेलं टोपडं इतकं देखणं होतं की ते काढायचं धाडस कोणी करत नसे.

अशात पेठजवळच्या एका गावातले बागायतदार तक्रार अर्ज घेऊन आले. गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही इथे तेच म्हणतो. त्यांच्या मुलीचं लग्न आळे गावच्या एका मुलाशी ठरलं होतं. साखरपुडा झाला, तारीख धरली, मांडववाल्याला सांगून झालं, आणि नवऱ्या मुलाच्या ईमेलवर निनावी मजकूर यायला लागला.

सोयरीक मोडणारी निनावी पत्रं हा आमच्या भागातला जुना उद्योग. डाव्या हाताने लिहिलेली पोस्टकार्डं मी पोत्याने पाहिली आहेत. आता हा उद्योग तारेवरून चालू झाला, एवढाच फरक. आळ्याच्या मंडळींनी छापून दिलेले कागद मी वाचले. मुलीला फिट येते. मुलगी झोपेत चालते. रागाच्या भरात तिने एकदा ताट भिरकावलं, ते पाहुण्याच्या कपाळाला लागलं. मजकूर एवढाच. मला तो विचित्र वाटला. पत्र लिहिणारा पहिल्याच ओळीत मुलीच्या चारित्र्यावर घसरतो, दुसऱ्या ओळीत खानदानावर. इथे दोन्हींना हात लावलेला नव्हता. काडी घालणारा इतका सभ्य मी आधी पाहिला नव्हता. ते मनात ठेवलं.

"साहेब, आळ्याच्या पावण्यांनी निरोप धाडलाय," अप्पा म्हणाले. "ह्या महिन्यात चोर सापडला तर लगीन, न्हाईतर नारळ परत. माज्या पोरीचं नाव चार गावांत खराब झालं, राव. उद्या कोन पुसंल तिला?"

पुण्याच्या सायबर शाखेकडे मजकूर पाठवला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: हे सगळं अमुक टेलिफोन लाईनवरून गेलं आहे. लाईन होती अप्पांच्या सख्ख्या भावाच्या नावावर. गावाचे तात्या. दोघांच्या घरांची भिंत एक, पण बांधावरून आणि विहिरीच्या पाळीवरून बोलणं कैक वर्षं बंद.

अप्पा खुर्चीतून उडालेच. "म्हनलं नव्हतं? माज्या पोरीच्या मुळावर हाच उठलाय!"

आम्ही जीप काढली. तात्यांच्या दारात त्यांचा ट्रॅक्टर उतारावर उभा होता, चाकाखाली दगड. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बॅटरी गेली की ट्रॅक्टर उतारावर लावतात. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळला की गिअर टाकायचा, आणि देवाचं नाव घ्यायचं.

अप्पांनी त्यांच्या ओट्यावरूनच टोमणा मारला. "बघा साहेब, साधी बॅटरी घ्यायची ऐपत न्हाई, आन घरात इंटरनेट!"

तात्या ऐकून न ऐकल्यासारखे उभे. सुकलेल्या उसासारखा माणूस, रस असलाच तर खूप आत. त्यांना ठाण्यात आणून बसवलं. माझा आवाज चढला की आवारातल्या बाभळीवरची पाखरं खेडच्या हद्दीत उतरायची, असा लौकिक होता. त्या दिवशी ती बहुधा लोणावळ्यापर्यंत गेली असतील. तात्या हलले नाहीत.

"मेल तुमच्या लाईनवरून गेले."

"असंल."

"घरात दुसरं कोण असतं?"

"मी आन म्हस. मंडळी गेली. पोरगा चाकणला कंपनीत. त्यानंच ते लावून दिलंय."

"मग मेल काय म्हशीने पाठवले?"

त्यांनी थोडा विचार केला. "न्हाई पाठवायची ती."

दरोडेखोर परवडला. तो शिव्या देतो, रडतो, पाया पडतो, काहीतरी करतो. हा माणूस 'असंल' म्हणून माझ्या पाठीमागच्या कॅलेंडरकडे बघत राहायचा.

पुण्याहून फोनवर सल्ला आला की मोडेमचं आतलं पान उघडा, त्यात कोण कोण जोडलं जातं ते दिसेल. आणि मागे एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालू नका, सगळं पुसलं जाईल. आमच्या हवालदाराकडे संगणकाचं प्रमाणपत्र होतं. त्याने ते फ्रेम करून घरात देवाशेजारी लावलं होतं.

"दोन मिनिटांचं काम आहे साहेब," तो म्हणाला. हे वाक्य ज्याने ज्याने माझ्यापुढे उच्चारलं, त्याने माझं एक वर्ष खाल्लं आहे.

तात्यांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. पोराचा जुना संगणक चालू केला. मोडेम भिंतीतल्या देवळीत होता, त्यावर जाड फडकं. मी फडक्याला हात घातला तसे तात्या पहिल्यांदाच आपणहून बोलले. "ऱ्हाऊ द्या, धूळ बसती."

हवालदाराने आकडे टाकले, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक. पडद्यावर भलतीच जाहिरात आली. त्याने आकडे शोधायच्या चौकटीत टाकले होते. पुन्हा वरच्या पट्टीत टाकले, तर 'पान सापडत नाही'. तेवढ्यात मोडेमची तार संगणकातून निसटली होती. ती बसवली, तेव्हा एकदाचं पान उगवलं. दोन रिकाम्या चौकटी, वर नाव, खाली पासवर्ड.

"दोन्हींत अ‍ॅडमिन, साहेब. सगळ्या जगात तेच असतं."

सगळ्या जगात असेल, तात्यांच्या घरात नव्हतं. चुकीचा पासवर्ड, पुन्हा प्रयत्न करा. मग पंच म्हणून बसवलेल्या मंडळींना कंठ फुटला. एकाने कुलदैवत टाकायला लावलं, दुसऱ्याने ट्रॅक्टरचा नंबर. तिसरा म्हणाला, "म्हशीचं नाव टाका, तात्याचा तिच्याव लई जीव हाय." देव, वाहन, जनावर, सगळं घालून झालं. मग पानाने जाहीर केलं की फार वेळा चुकलात, आता थांबा.

मला! ज्याच्यापुढे आमदारांचे कार्यकर्ते थांबायचे, त्याला एक डबी सांगते थांबा. मी थांबलो. पान परत उघडलं, हवालदाराने बोटं मोडून की-बोर्डवर हात ठेवला, आणि लाईट गेली.

संगणकाचा पडदा काळा झाला. मी जे बोललो ते पंचनाम्यात घेतलेलं नाही. "चला साहेब, च्या घ्या पडवीत," म्हणत तात्यांनी मला जवळजवळ ढकलतच खोलीबाहेर नेलं. एवढी लगबग त्यांच्यात आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याचा लॅपटॉप मागून आणला. लाईट होती तेवढ्यात तार जोडली. पान आलं आणि पुन्हा तेच, चुकीचा पासवर्ड. टाचणी माझ्या खिशात होती आणि ते भोक मला बोलावत होतं. खरंच सांगतो, हात खिशापर्यंत गेला होता. शेवटी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला.

"साहेब, दोन्ही चौकटींत यूजर टाकून बघा," तो म्हणाला. "त्याने नुसतं बघता येतं, हात लावता येत नाही."

"सासुरवाडीसारखं," पंचांपैकी एकजण पुटपुटला.

यूजर टाकलं आणि पान उघडलं! हवालदाराने हात जोडले. पण आत काय, तर चार निर्जीव ओळी. कोण जोडलं होतं ते नाही, कोणी काय पाठवलं ते नाही. मोडेमचा नमुना, लाईनचा वेग, आजची तारीख म्हणून सतरा जानेवारी दोन हजार, आणि शेवटी, मोडेम किती वेळ सलग चालू आहे ते: सोळा दिवस.

"तारीखसुद्धा येत नाही हिला," हवालदार वैतागून म्हणाला. "सगळं खोटं आहे. बंद करू?"

"थांब." मी ती शेवटची ओळ परत वाचली. "तात्या, तुमच्या गावात लाईट रोज जाते ना?"

"जाती की."

"काल मी इथेच बसलो असताना गेली."

"गेली."

"मग ही डबी सोळा दिवसांत एकदाही बंद कशी पडली नाही?"

तात्यांची नजर देवळीकडे गेली. मी उठलो आणि देवळीतलं फडकं ओढलं. मोडेमला जी वीज जात होती, तिची तार भिंतीतल्या बटणाकडे जातच नव्हती. लाल-काळी बारीक वायर, खिडकीच्या फटीतून बाहेर. मी तिच्या मागे निघालो, माझ्या मागे हवालदार, त्याच्या मागे पंच, आणि ओट्यावरून हे बघून अप्पाही. वायर गोठ्यात शिरली. म्हशीने मला जागा द्यायला नकार दिला. तिला वळसा घालून कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली ट्रॅक्टरची बॅटरी, शेजारी चार्जर.

बॅटरी गेली नव्हतीच. तात्यांनी ती काढून इथे ठेवली होती, लाईट आली की चार्ज करायची, मोडेमला ती कायम जोडलेलीच. आणि स्वतः रोज सकाळी चाकाखालचा दगड काढत होते, सख्ख्या भावाचे टोमणे खात.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"माज्यासाठी. मीच धाडलं मेल. घाला आत."

हवालदाराने काखेत मारून आणलेला लॅपटॉप मी त्यांच्या हातात दिला. "एक धाडून दाखवा."

तात्यांनी तो भाकरी परतावी तसा उलटा करून बघितला. बराच वेळ. "ह्ये लिव्हायचं कुठनं?"

"तात्यांना सोडा, साहेब."

गोठ्याच्या मागच्या दारात अप्पांची मुलगी उभी होती. अंगावर कॉलेजला जायचा ड्रेस, बोटात साखरपुड्याची अंगठी. तिने काकांच्या हातातून लॅपटॉप घेतला, तारेशिवायच मोडेमशी जोडला. आम्ही देव आणि जनावरं घालून दमलो होतो त्या चौकटीत काहीतरी भराभर टाकलं, आणि अख्खं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "पासवर्ड मीच बदललाय. मेल पण मीच पाठवलेत. चुलतभावाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिलाय, तात्यांचं नेट भिंतीतून आमच्या खोलीत येतं. तात्यांना एवढंच ठाऊक होतं, की मला पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरायचाय. मेलचं त्यांना तुमची जीप आल्यावर कळलं."

"फॉर्म? कसला फॉर्म?" अप्पांचा आवाज फुटला. "आपल्याकडं टेलिफोनची तार न्हाई, नेट आलंच कसं?"

ह्या माणसाला तारेची पडली होती! मी कपाळावर हात मारला.

"पुण्याला प्रवेश मिळालाय, अप्पा. तुम्हाला सांगितलं होतं." मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, अप्पा ह्या पानासारखंच करतात. काही टाका, चूक आहे, पुन्हा प्रयत्न करा. जास्त वेळा बोललं की म्हणतात थांब."

पंच मान खाली घालून म्हशीकडे बघायला लागले. अप्पा खाली गोणपाटावर टेकले. तिथूनच म्हणाले, "पर फिट येती म्हनून लिव्हलंस? सोताला? आगं, दुसरं काय सुचलं न्हाई व्हय तुला?"

"सुचलं होतं की. पण दुसरं काही लिहिलं असतं, तर तुम्हाला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तशीच हातात धरून बसले. तात्या पहिल्यांदाच भावाकडे बघून बोलले. "मोडेमची वायर काढू का ऱ्हाऊ देऊ?"

अप्पांनी बुडाखालचं गोणपाट ओढून परत बॅटरीवर टाकलं.

अप्पांनी अर्ज मागे घेतला. पोरीला मी माझ्या खास आवाजात समज दिली, म्हैससुद्धा दोन पावलं मागे सरली. आळ्याला अप्पा स्वतः गेले. मी सोबत वर्दीत गेलो, समोरच्यांचा आवाज बेताचा राहावा म्हणून. तरी व्हायची ती बोलाचाली झालीच. व्याही होता होता राहिलेल्या माणसाने शेवटी विचारलं, "पोरगी आजारी हाय का न्हाई, तेवढं खरं सांगा."

"ठणठणीत हाय," अप्पा म्हणाले. "शिकायला चाललीया."

त्यानंतर मी कुठल्याही तपासात आधी एकच प्रश्न विचारत आलो: याला वीज कुठून मिळते? घर बंद असेल, तोंड बंद असेल, पान उघडत नसेल, तरी एखादी गोष्ट दिवसेंदिवस चालू राहते, तेव्हा तिला कोणीतरी गुपचूप आपल्या वाट्याचं देत असतं. ती वायर धरून चालत गेलं की माणूस सापडतो. तो गुन्हेगारच असतो असं मात्र नाही.

बदली होण्याआधी एकदा सकाळी त्या गावावरून जीप नेली. ट्रॅक्टर अजून उतारावरच उभा होता, म्हणजे पोरगी पुण्याला निघेपर्यंत बॅटरी गोठ्यातच राहणार होती. तात्या वर सीटवर बसले होते. खाली चाकाशी वाकून अप्पा दगड काढत होते आणि ओरडत होते, "गिअर टाक की लेका, दगड किती वेळ धरू!"