पहिला पक्षी जमिनीला टेकेपर्यंत

एप्रिलमध्ये माझी पोस्टिंग मिशिगनमधल्या ट्रॉयला झाली. मुलगी स्वाती आणि जावई निखिल दोघंही तिथे गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतात. मुदत सहा महिने, ड्यूटी शून्य. अठ्ठावीस वर्षं पायदळात काढलेल्या माणसाला याहून जड ड्यूटी देता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी गॅरेज दोनदा झाडलं आणि सगळ्यांचे बूट रांगेत लावले. स्वाती म्हणाली, "बाबा, रिलॅक्स करा ना प्लीज. इथे इन्स्पेक्शनला कोणी येत नाही."

शेजारी वॉल्ट नावाचा गृहस्थ राहतो. वय सत्तर, कारखान्यातून निवृत्त, फौजेशी कधी संबंध नाही. त्याला बदकांच्या शिकारीचा नाद, आणि त्यासाठी पाळलेली डेझी नावाची काळी लॅब्रडॉर कुत्री. सुभेदार म्हणजे काय हे त्याला समजावण्यात माझा आठवडा गेला. शेवटी तो मला 'सार्ज', म्हणजे सार्जंट, आपल्याकडचा हवालदार, म्हणू लागला. निवृत्तीनंतर पदावनती झाली, पण तक्रार कोणाकडे करणार? मे महिन्यात त्याला सरावाच्या मैदानावर पक्षी फेकायला माणूस हवा होता. साडेसहाची वेळ ठरली. मी सव्वासहाला त्याच्या गाडीपाशी उभा होतो. तो पावणेसातला कॉफी घेऊन आला.

काम असं. शिकारी गोळी झाडतो, बदक लांब गवतात कुठेतरी पडतं. कुत्र्यानं ते पडताना पाहायचं, जागा डोक्यात धरायची आणि हुकूम मिळाला की थेट तिथे जाऊन ते उचलून आणायचं. याला मार्क म्हणतात. एक पक्षी असला तर सोपं. दोन पडले की खरी परीक्षा, कारण कुत्रं आधी दुसरा, नुकताच पडलेला पक्षी आणतं, आणि तोवर पहिल्याची जागा त्याला लक्षात ठेवावी लागते. सरावाला आम्ही पक्ष्याऐवजी बंपर वापरायचो, म्हणजे हातभर लांबीची कॅनव्हासची भरीव गुंडाळी. मी शंभर यार्डांवर गवतात उभा राहून हाक द्यायचो आणि बंपर उंच फेकायचो. दुसरा बंपर उजवीकडच्या यंत्रातून उडायचा, त्याचा रिमोट वॉल्टच्या खिशात. आमच्या दोघांकडे वॉकी-टॉकी.

"सार्ज, रेडी?"

"रेडी. ओव्हर."

बोलणं संपल्यावर वॉल्ट कधी 'ओव्हर' म्हणायचा नाही. दोन महिने वाट पाहून मी नाद सोडला.

जुलैत दोन पक्ष्यांचा सराव सुरू झाला आणि डेझीची खोड उघडी पडली. पहिला बंपर अजून हवेत असतानाच ती मान उजवीकडे वळवायची. दुसरं काही उडणार हे तिला ठाऊक झालं होतं. त्यामुळे पहिला पक्षी जमिनीला कुठे टेकला हे तिनं पाहिलेलंच नसायचं. वॉल्टचा इलाज साधा होता. पहिला बंपर पडेपर्यंत आणि पडल्यावरही डेझीची नजर तिथे स्थिर होईपर्यंत तो यंत्राचं बटण दाबायचाच नाही. कधी दहा सेकंद, कधी वीस. घाई त्यानं कधी केली नाही.

ऑगस्टमध्ये तिथल्या मराठी मंडळानं मला चार शब्द बोलायला बोलावलं. एक किस्सा मी गेली अकरा वर्षं सांगत आलो आहे, तोच तिथेही सांगितला. बर्फाळ भागातली पोस्ट, हिमकडा कोसळला, मी दुर्बिणीतून गाडलेल्या जवानाची जागा अचूक सांगितली आणि त्याचा जीव वाचला. टाळ्या झाल्या. एका काकूंनी डोळे पुसले आणि मला दोन जिलब्या जास्त वाढल्या. मी त्या खाल्ल्या. आता हे लिहितो आहे ते मुख्यतः त्या लोकांसाठी.

सप्टेंबरमधली एक सकाळ. नऊ वाजून वीस मिनिटं. डेझीनं पुन्हा मान लवकर वळवली. दुसरा बंपर तिनं फटकन आणून दिला. वॉल्टनं तिला पहिल्यासाठी पाठवलं. ती साठ-सत्तर यार्ड सरळ धावत आली, थांबली, मागे वळली आणि वॉल्टकडे बघत बसून राहिली.

मी रेडिओवर म्हणालो, "वॉल्ट, शी इज लॉस्ट. ओव्हर."

"नो, सार्ज. शी इज आस्किंग."

मग तो सावकाश बोलत राहिला, मला कळावं म्हणून. तिनं तो पक्षी पडताना पाहिला नाही आणि तिला ते माहीत आहे. काही कुत्री अशा वेळी उगाच एखाद्या जागी जोरात हुंगत फिरतात, पाहिल्यासारखं दाखवतात. ही तसं करत नाही. ही विचारते. म्हणून ही चांगली कुत्री आहे. आता तू हाक दे आणि पुन्हा फेक.

मी हाक दिली आणि फेकला. बंपर जेमतेम पंधरा पावलांवर पडला. मी तिथेच गवतात खाली बसलो.

किस्सा जसा घडला तसा आता सांगतो.

अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. उंची पंधरा हजार फूट. मी तेव्हा नायब सुभेदार, निरीक्षण चौकीवर दुर्बीण आणि कंपास घेऊन बसलेलो. खाली चार जणांची गस्त परतत होती. नाला ओलांडताना एकेकानं, तीस पावलांचं अंतर ठेवून जायचं असा नियम. दोघं पार झाले होते. तिसरा शिपाई रामदास कोकरे नाल्याच्या मध्यावर, चौथा रघुनाथ त्याच्या मागे. नऊ वाजून दहा मिनिटांनी वरचा उतार सुटला.

दुर्बीण रामदासवर होती. बर्फ त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत मी ती रघुनाथकडे वळवली. रघुनाथ कडेला फेकला गेला, एका काळ्या खडकाखाली दिसेनासा झाला. ती जागा मी पक्की धरली. मग दुर्बीण परत रामदासकडे आणली तेव्हा तिथे फक्त पांढरं होतं.

रेडिओवर कंपनी कमांडर मेजरसाहेब. "दोनों दिखे?"

मी रघुनाथचं बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, दिलं. बारा मिनिटांत तो जिवंत बाहेर निघाला.

"दूसरा? गिरते देखा?"

"देखा, सर."

"पक्का?"

"पक्का, सर."

बेअरिंग दिलं. ते अंदाजानं होतं. 'नहीं देखा' म्हणालो असतो तर तुकडीनं ठरलेल्या ड्रिलप्रमाणे वरपासून रांग धरून, लांब सळया खुपसत सगळा उतार तपासला असता. मी पाहिलं म्हणालो, म्हणून सगळे एकाच जागी खणत राहिले. चार वाजता अंधुक झालं आणि काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी बचावपथकाचा लॅब्रडॉर आला. त्यानं वीस मिनिटांत रामदासला शोधलं, माझ्या जागेपासून साठ पावलं डावीकडे.

नर्सिंग असिस्टंटनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "साब, इसके मुँह के आगे बर्फ पिघलके जमी हुई थी।" याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. रामदास काही वेळ श्वास घेत होता. नर्सिंग असिस्टंटनं ते रिपोर्टात लिहिलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

महिन्याभरानं दरबारात, सगळी पलटण समोर असताना, पलटणीचे प्रमुख सीओसाहेब यांनी माझं नाव घेतलं. रघुनाथला शोधल्याबद्दल. मी सावधान उभा राहिलो.

रामदासची बायको शोभा जत तालुक्यात राहते. दर फेब्रुवारीत तिचा फोन येतो. "तुम्ही होता म्हणून रघुनाथ तरी घरी आला, साहेब." मी दरवेळी म्हणतो, रामदासला काही कळलंही नसेल. ती म्हणते, तेवढंच समाधान.

त्या सकाळी मैदानावरून मी वॉल्टला सांगितलं, अर्धा तास दे. त्यानं कारण विचारलं नाही. नऊ चाळीसला मी त्याच्या गाडीला टेकून जतला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सात वाजून गेले होते.

"साहेब? आज कसा काय फोन? बरे आहात ना?"

"बरा आहे. शोभाताई, मला तुम्हाला काही सांगायचंय. मध्ये थांबवू नका."

रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं. वेळा, अंतर, 'देखा, सर', नर्सिंग असिस्टंटचं वाक्य. तिकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"म्हणजे ते जिवंत होते."

"काही वेळ. किती ते सांगता येत नाही."

"आणि सगळे दुसरीकडे खणत होते."

"हो. माझ्यामुळे."

मला वाटलं आता फोन ठेवेल. ठेवला असता तर बरं, असंही वाटलं.

"पण तुम्ही त्यांच्यावरनं नजर का काढलीत? त्यांना सोडून रघुनाथकडे का बघितलंत?"

हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मेजरसाहेबांनी नाही, सीओसाहेबांनी नाही. पार झालेल्या दोघांची पाठ होती. रघुनाथच्या डोक्याला मार लागला होता, त्याला त्या सकाळचं काही आठवत नाही. उत्तर एकट्या माझ्याकडे होतं आणि मी ते दाबून ठेवलं होतं, कारण ते दिलं की पुढचा प्रश्न आला असता, मग तो पडला कुठे?

"रामदासनं हात केला म्हणून," मी म्हणालो. "वरून आवाज आला तसा तो मागे वळला. उजवा हात उंच करून रघुनाथला परत फिर, परत फिर अशी खूण करत होता. मी त्या हाताच्या दिशेनं बघितलं. रघुनाथ उलटा फिरून सात-आठ पावलं पळाला. म्हणून तो कडेला सापडला."

"म्हणजे रघुनाथला ह्यांनी वाचवलं."

"हो."

"तुम्ही नाही."

"नाही, ताई."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला झेपला असता.

"पोरगी आठवीत आहे माझी. बाबा कसे गेले म्हणून विचारते. मी सांगते, बर्फ आला, त्यांना कळलंही नाही. तुमचंच वाक्य. तुमची चूक तुमच्यापाशी ठेवायची होती तर ठेवायची, साहेब. हात केल्याचं तरी सांगायचं होतंत."

फोन बंद झाला. स्वातीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. मेजरसाहेब आता निवृत्त होऊन डेहराडूनला असतात, त्यांनाही लेखी कळवलं आहे. उत्तर यायचं आहे. काहीही आलं तरी ते मला मान्य आहे.

मंडळातल्या सर्वांना विनंती, ऑगस्टमध्ये ऐकलेला किस्सा विसरा आणि त्या जागी हे लक्षात ठेवा. शिपाई रामदास कोकरे, वय सव्वीस, जत तालुका. वर कडा सुटल्याचं ऐकून तो स्वतःसाठी पळाला नाही. तो मागे वळला, हात उंच केला आणि मागच्या माणसाला परतवलं. हे पाहणारा मी एकटाच होतो.